गुडघा गेला, पण फुटबॉल सुटत नाही: कोच आणि स्काउट म्हणून पोट भरतं का?

प्रश्न विचारणारा कोल्हापूरचा आहे, वय २४. आपल्या भागाच्या, म्हणजे पेठेच्या, संघातून सीनिअर खेळला. मागच्या हंगामात गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, आणि पहिल्यासारखं खेळता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. कोचिंगचं सुरुवातीचं डी लायसन्स त्याने काढलंय. पुण्यातली एक खाजगी अकादमी महिना १५,००० रुपयांवर बोलावतेय, घरचे म्हणतात एमआयडीसीत चिकट. त्याने तीन गोष्टी विचारल्यात: कोचिंगवर घर चालतं का, खेळाडू हेरणारा स्काउट कसं व्हायचं, आणि ही दोन्ही कामं एकाच माणसाने करावीत का.

मीही पेठेतूनच आलो. आठ वर्षं मुंबईत कंपनीच्या संघाकडून खेळलो, त्यानंतर एकवीस वर्षं कोचिंग करतोय. त्यातली शेवटची नऊ वर्षं एका व्यावसायिक क्लबच्या युवा विभागासाठी पोरं बघत फिरलो. त्यामुळे लिहितोय ते सगळं अंगावरून गेलेलं आहे.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे.

युरोपात मोठ्या क्लबांकडे पूर्ण वेळ स्काउटांची फौज असते. आपल्याकडे निव्वळ स्काउट म्हणून महिन्याचा पगार देणारे क्लब बोटांवर मोजण्याइतके. बाकी ठिकाणी १५ वर्षांखालच्या संघाचा कोचच शनिवार-रविवार एसटीत बसून सामने बघायला जातो. मला यात काही वावगं वाटत नाही. रोज पोरांना शिकवणाऱ्या माणसाला कळतं की कुठली चूक तीन महिन्यांत सुटते आणि कुठली जन्मभर राहते. नुसत्या बघ्याला ते कळत नाही. आणि जो गावोगाव बघत फिरतो, त्याच्या लक्षात राहतं की आपल्या अकादमीतला सगळ्यात हुशार पोरगा मिरजेच्या मैदानावर कदाचित तिसऱ्या नंबरचा ठरेल.

खालिद जमील यांचं उदाहरण घे. ते महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून खेळले. दुखापतींनी खेळ थांबला आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिशीत, मुंबई एफसीचे मुख्य कोच झाले. तो क्लब पैशाने कधीच मोठा नव्हता. तिथे त्यांनी सात वर्षं काढली: दरवर्षी कमी पैशात संघ बांधायचा, मोठ्या क्लबांनी न घेतलेली पोरं उचलायची, आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, तग धरायचा. २०१६ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि मिझोरामच्या ऐझॉल एफसीत गेले. हा क्लब आदल्याच हंगामात खालच्या लीगमध्ये घसरला होता, गोव्याच्या क्लबांनी लीग सोडल्यामुळे त्याला परत जागा मिळाली. जमील यांच्यासोबत मुंबईहून जयेश राणे आणि आशुतोष मेहताही गेले. दोघेही त्यांच्या हाताखाली खेळलेले, रोजच्या प्रॅक्टिसमध्ये पारखलेले. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये तिथल्याच लाजाँग क्लबशी १-१ बरोबरी झाली आणि ऐझॉलने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून आय-लीग जिंकली. ईशान्येच्या कुठल्याही क्लबाला त्याआधी हे जमलं नव्हतं. लोक त्याला चमत्कार म्हणाले. माझ्या मते तो सात वर्षांचा बघण्याचा अभ्यास होता. कुणाला दबावाखाली घाम फुटतो, कोण बाकावर बसवला तरी प्रॅक्टिसला वेळेवर येतो, हे त्यांना पाठ होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताच्या सीनिअर संघाचे मुख्य कोच झाले. २००९ ते २०२५ हा काळ डोळ्यासमोर ठेव. मधे त्यांनाही क्लब बदलावे लागले.

आता पोटाचं. खोटं सांगणार नाही. २००४ साली माझा कोच म्हणून पहिला पगार ४,५०० रुपये होता. सकाळी एका शाळेत पीटी घ्यायचो, दुपारी त्याच शाळेच्या पोरांची प्रॅक्टिस, संध्याकाळी क्लब. पहिली सात-आठ वर्षं असंच दोन-तीन ठिकाणी मिळून घर चाललं. आजही ज्यांचं बरं चाललंय त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पायाखाली शाळेची नोकरी आहे. म्हणून शारीरिक शिक्षणाची पदवी, बी.पी.एड., करता येत असेल तर कर. सरकारी क्रीडा खात्यात किंवा क्रीडा प्रबोधिनीत जायचा विचार असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा अजून वजन राखून आहे. क्लबच्या वाटेने जायचं तर लायसन्सची शिडी: डी, सी, बी, ए, प्रो. देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये मुख्य कोच व्हायला प्रो लागतं. प्रत्येक पायरीच्या मधे प्रत्यक्ष काम केलेलं दाखवावं लागतं, फी वाढत जाते, आणि लायसन्स एकदा मिळालं की कायमचं असंही नाही, नूतनीकरणासाठी शिकत राहावं लागतं. बी काढेपर्यंत क्लब फी भरेल अशी आशा धरू नकोस. मी बायकोचे दागिने गहाण ठेवून बी केलं. ते सोडवायला अडीच वर्षं लागली, आणि त्या अडीच वर्षांत तिने एकदाही विषय काढला नाही. तुझं लग्न व्हायचं असेल तर ठरवतानाच समोरच्या घरी हे सगळं उघड सांग.

आणि एक गोष्ट मनाशी पक्की बांध. आपल्याकडे क्लब बंद पडतात. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, डेरिक परेरा कोच होते, आणि २०१० मध्ये कंपनीने संघच गुंडाळला. पुणे एफसी गेली, मुंबई एफसी गेली, २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही गेली. २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) हंगाम कधी सुरू होणार हेच ठरत नव्हतं, तेव्हा काही क्लबांनी पगार थांबवले. कोचची चूक नसताना कोच रस्त्यावर येतो. अशा वेळी हाताशी काय राहतं? लायसन्स राहतं, आणि तू बघितलेल्या पोरांच्या नोंदी राहतात. त्या नोंदी मात्र पहिल्या दिवसापासून ठेवाव्या लागतात.

त्या नोंदींवरच आता सविस्तर लिहितो, कारण स्काउट कसं व्हायचं याचं खरं उत्तर त्यात आहे.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आपण लहानपणापासून सामने बघत आलोय, पण ते बघणं वेगळं. तिथे डोळा चेंडूवर असतो आणि कान गर्दीकडे. कुणी दोघांना कट मारून गेला की स्टेडियम उठतं. पोरगा मग पुढच्या वेळीही कट मारतो, पास मोकळा असला तरी. पेठेचं प्रेम मला आजही हलवून सोडतं, पण स्काउटने त्या टाळ्यांपासून कान बंद करायला शिकलं पाहिजे. मी मध्यरेषेपाशी, पाहुण्यांच्या खुर्च्यांत कधी बसत नाही. कोपऱ्यात, शक्य तितकं उंच बसतो. तिथून बचावफळी एका रेषेत दिसते आणि चेंडू दुसऱ्या बाजूला असताना आपल्याला हवा तो पोरगा काय करतोय ते बघता येतं. सामन्याच्या चाळीस मिनिटं आधी पोचतो. वॉर्मअपमध्ये चेंडू गोळा करून आणणारा कोण, सरावाचं जॅकेट (बिब) फेकून देणारा कोण, एकटा बसलेल्या गोलकीपरशी बोलायला जाणारा कोण, हे तेव्हाच दिसतं.

माझ्या वहीतलं एक पान सांगतो. जिल्हा स्पर्धा, १४ वर्षांखालील, एप्रिलमधली दुपार, मैदान टणक आणि वर बारीक खडी. लिहिलंय: ‘६ नंबर, मोजे खाली घसरलेले, उजवा पाय. ११व्या मिनिटाला चेंडू गेला, लगेच मागे पळाला. १९, परत गेला, पळाला. २७, गेला, उभा राहिला, रेफ्रीकडे हात. पाण्याच्या ब्रेकमध्ये कोच ओरडला, खाली मान. ३३, गेला, पळाला, चेंडू काढला, लगेच सोपा पास. मान: चेंडू येण्याआधी दोनदा. डाव्या पायाने चार पास, तीन चुकले, तरी चौथा डाव्यानेच.’

या पोराने त्या सामन्यात ना गोल केला ना कुणाला चकवलं. मी त्याच्यासाठी परत तीनदा गेलो. कारण शेवटची ओळ. कच्चा पाय तीनदा चुकूनही चौथ्यांदा वापरणारा पोरगा शिकतो. आणि ‘मान’ म्हणजे काय? चेंडू पायात यायच्या आधी पोरगा खांद्यावरून मागे किती वेळा बघतो, ते मी रेघा मारून मोजतो. चेंडू मिळाल्यावर डोकं वर काढणारा आणि मिळण्याआधीच बघून ठेवणारा, या दोघांत १८व्या वर्षी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. १२व्या वर्षी तो फरक कुणाला दिसत नाही, कारण त्या वयात जोरात पळणारा पोरगा सगळं झाकून टाकतो.

चेंडू हरवल्यावरचे पाच सेकंद मी नेहमी बघतो. पहिला टच बघताना मैदान लक्षात घे. आपल्या खडीच्या मैदानावर चेंडू उसळतो, टच लांब गेला म्हणून पोरगा कच्चा असं होत नाही. उलट त्या उसळत्या चेंडूला छातीवर घेऊन पायात मारणारा पोरगा गवतावर गेला की सहा महिन्यांत वेगळाच दिसतो. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, वाढलेल्या शहरी पोरांचं उलटं असतं. पाच-पाचच्या छोट्या टर्फवर त्यांचे पाय भराभर चालतात, पण पूर्ण मैदानावर ४० मीटर मागे पळायची वेळ आली की कोडं पडतं. कुणाला किती सवलत द्यायची हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. पंचवीस-तीस मैदानं स्वतःच्या पायांनी तुडवल्यावर ते येतं.

एका सामन्यावर कधी मत देऊ नकोस. निदान तीनदा बघ: एकदा त्याच्या घरच्या मैदानावर, एकदा बाहेर, आणि एकदा त्याचा संघ हरत असताना. पाऊस मिळाला तर उत्तम. गोव्यात आणि कोकणात मी मुद्दाम जूनअखेरीस गेलोय. चिखलात कोण रागावतो आणि कोणाला मजा येते, हे कळायला दुसरी सोपी जागा नाही.

एक डोळा मात्र नेहमी मोकळा ठेव. इंग्लंडच्या लेस्टर सिटी क्लबसाठी खेळाडू हेरणारे स्टीव्ह वॉल्श फ्रान्समध्ये ल हाव्र क्लबचा सामना बघायला गेले होते ते दुसऱ्याच खेळाडूसाठी. तिथे त्यांची नजर रियाद महरेझवर गेली. जानेवारी २०१४ मध्ये लेस्टरने त्याला घेतलं, आणि २०१६ मध्ये लेस्टरने प्रीमियर लीग जिंकली तेव्हा तो त्या संघाचा प्राण होता. यादीत नसलेला पोरगा बघायला तयार असणं हेही कामच आहे.

व्हिडिओबद्दल विचारतील म्हणून सांगतो. वायस्काउटसारख्या सॉफ्टवेअरवर आज जगातले सामने घरबसल्या दिसतात, आपल्या वरच्या लीगचेही. शिकून घे, क्लब ते विचारतातच. पण वयोगटाच्या सामन्यांत कॅमेरा चेंडूच्या मागे फिरतो. ज्या पोराची मान मला मोजायची असते तो त्या चौकटीच्या बाहेर असतो. मी व्हिडिओ वापरतो तो मैदानावर बघितलेलं पडताळायला.

वयाचा प्रश्न तुला पहिल्याच वर्षी भेटेल. १३ वर्षांखालच्या स्पर्धेत मिसरूड फुटलेली पोरं दिसतील. जन्माचे दोन-दोन दाखले असतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या वयोगट स्पर्धांमध्ये डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीने हाडांचं वय तपासतात. त्यात अडकलेला पोरगा त्या दिवशी सगळ्यांसमोर घरी जातो. एका वडिलांनी मला आडोशाला घेऊन विचारलं होतं, ‘सर, दाखला बदलला तर चालेल ना?’ मी त्यांना तिथेच सांगितलं की दाखला बदलला तर तुमचा पोरगा दोन वर्षं जिंकेल आणि मग १७व्या वर्षी त्याच्याच वयाच्या पोरांत उघडा पडेल, कारण तोवर तो फक्त लहान पोरांना धक्के मारून खेळायला शिकलेला असेल. या बाबतीत डोळेझाक करणारा कोच मला चालत नाही, मग तो कितीही जिंकून देवो.

दाखले खरे असले तरी वयाचा दुसरा खेळ उरतोच. गट १ जानेवारीला ठरतो. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला पोरगा एकाच गटात उतरतात, अकरा महिन्यांचं अंतर घेऊन. १२-१३व्या वर्षी अकरा महिने म्हणजे चार बोटं उंची. जगभरच्या अकादम्यांमध्ये वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची गर्दी दिसते ती यामुळे. याच्यावर माझ्या हातून एक चूक झालीय, आणि तुला ती सांगायलाच हवी.

सांगलीकडचा एक पोरगा होता, डिसेंबरचा जन्म, हाडकुळा, जर्सी गुडघ्यापर्यंत. सामना संपेपर्यंत त्याच्या पायातून चेंडू एकदाही चुकीचा गेला नाही, पण प्रत्येक धक्क्याला तो पडत होता. मी लिहिलं: ‘बारीक. दोन वर्षांनी बघू.’ आणि त्याच सामन्यातला एक धिप्पाड पोरगा निवडला. तो धिप्पाड पोरगा १६व्या वर्षी वाढायचा थांबला आणि त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. मी त्या बारक्यासाठी दोन वर्षांनी गेलो नाही. साडेतीन वर्षांनी गेलो. तोवर तो माझ्याएवढा उंच झाला होता, वडिलांचा टेम्पो चालवत होता, आणि फुटबॉल त्याने दहावीत सोडला होता. त्याला मी आठवतही नव्हतो. मला तो अजून रात्री आठवतो. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक नकाराखाली परत यायची तारीख असते, आणि त्या तारखेला मी जातो. आई-वडिलांची उंची विचारून लिहून ठेवतो, पायाचा पंजा बघतो. पंजा मोठा आणि अंग लहान असेल तर पोरगा अजून वाढायचाय.

नकार सांगणं हा या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि तेच सगळ्यात जास्त करावं लागतं. शंभर पोरं बघितली तर दोघांना हो म्हणतो. उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणांच्या आयुष्यातही आपण काही क्षण असतो. बहुतेक क्लब निवड चाचणीनंतर यादी भिंतीवर लावतात नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. मला ते पटत नाही. जो पोरगा तीनदा बघितला, ज्याच्या घरच्यांशी बोललो, त्याला नकार समोर बसून द्यायचा, हा माझा नियम आहे.

इचलकरंजीत एका घरी असाच गेलो होतो. पलीकडच्या खोलीत यंत्रमाग चालू होते, भिंत थरथरत होती. आईने पोहे पुढे ठेवले. पोरगा क्लबची जर्सी घालून दारात उभा, तीच जर्सी, चाचणीच्या दिवशी घातलेली. मागांच्या आवाजामुळे हळू बोलणं शक्यच नव्हतं. ‘यावेळी नाही घेऊ शकत’ हे वाक्य मला त्या घरात ओरडून सांगावं लागलं. वडील उठले, आत जाऊन माग बंद करून आले. अचानक इतकं शांत झालं की मला पुढचं सुचेना. मग ते म्हणाले, ‘आता सांगा सर, काय कमी पडलं.’ मी वही उघडली आणि वाचून दाखवलं. वेग आहे, पण चेंडू येण्याआधी बघत नाही. उजव्या बाजूला चेंडू आला की तो फिरून डाव्यावर घेतो, तेवढ्यात समोरचा येतो. हे वर्षभरात सुधारता येईल, कसं ते असं. पोरगा रडला. वडिलांनी मला स्टँडपर्यंत सोडलं. पुढच्या वर्षी त्यांनी फोन करून तो गल्लीतल्या भिंतीवर रोज उजव्या पायाने २०० वेळा चेंडू मारतो असं सांगितलं. मी परत जाऊन बघितलं, आमच्या क्लबात तरीही बसला नाही, पण दुसऱ्या एका अकादमीच्या कोचला मी त्याचं नाव दिलं आणि त्यांनी घेतला. तुझ्याकडे कारण लिहिलेलं नसेल तर त्या बापाच्या प्रश्नाला तू काय उत्तर देणार होतास?

आता पैशाची जी बाजू लोक बोलत नाहीत ती. स्काउट म्हणून तुझं नाव झालं की पालक पाकीट पुढे करतील. चहाही स्वतःच्या पैशाने प्यायचा, इतकं कडक राहा. एकदा घेतलेस की तुझ्या डोळ्यांवर कुणाचाच विश्वास राहणार नाही, तुझाही नाही. स्काउट आणि एजंट यांच्यात गल्लत करू नकोस. स्काउट क्लबचा माणूस. एजंट खेळाडूचं किंवा क्लबचं प्रतिनिधित्व करून कमिशन घेतो, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यासाठी फिफाची परीक्षा देऊन लायसन्स काढावं लागतं. ‘मी पोराला क्लब मिळवून देतो, लाखभर द्या’ म्हणणारा माणूस दोन्हीपैकी कुणीच नसतो.

‘स्पेनमध्ये ट्रायल, तीन लाख’ हाही असाच सापळा. फिफाच्या नियमांप्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबात बदली मोजके अपवाद सोडता होतच नाही, आणि ते अपवाद आपल्या खेड्यापाड्यातल्या पोराला सहसा लागू पडत नाहीत. १५ वर्षांच्या पोराला घेऊन जाणारे लोक सहलीचे पैसे घेतात. जमीन विकून पाठवलेलं एक कुटुंब मी बघितलंय. तुझ्या ओळखीत कुणी पालक या वाटेवर दिसला तर त्याला अडव, तो रागावला तरी चालेल.

आपल्या तालमींनी, म्हणजे पेठांच्या क्लबांनी, मात्र आणखी एक हिशेब शिकायला हवा आणि तू तो शिकवू शकतोस. खेळाडूची विकत घेऊन आंतरराष्ट्रीय बदली झाली की रकमेच्या ५ टक्के वाटा त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. १२ ते १५ या चार वर्षांपैकी प्रत्येक वर्षाला त्या वाट्याचे ५ टक्के, पुढच्या आठ वर्षांना दरवर्षी १० टक्के. म्हणजे उद्या आपल्या पेठेतल्या पोराला परदेशी क्लबाने एक कोटीला घेतलं, तर ५ लाख वाटायचे, आणि १२ ते १५ आपल्याकडे खेळला असेल तर त्यातले १ लाख आपल्या क्लबचे. पण केव्हा? पोरगा त्या वर्षांत क्लबच्या नावावर महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत असेल तर. नोंद नसेल तर काही नाही. आपल्याकडे किती पोरं वर्षानुवर्षं नोंदीशिवाय खेळतात हे तुला माहीत आहे. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताची जर्सी घातली. तो शेवटचा ठरू नये असं वाटत असेल तर नोंदणीचं हे कंटाळवाणं काम कुणीतरी अंगावर घ्यायला हवं.

आता त्या १५,००० च्या नोकरीचं. हो म्हणण्याआधी तिथे जाऊन दोन दिवस नुसता कडेला उभा राहा. एका कोचकडे किती पोरं आहेत ते मोज. वीसपेक्षा जास्त असतील आणि निम्मी रांगेत उभी असतील, तर तिथे तू शिकणार नाहीस, फक्त शिट्टी वाजवशील. तुझ्या वरती कोण आहे विचार. ए किंवा बी लायसन्सवाला माणूस रोज मैदानावर येत असेल आणि तुझं सेशन बघून चुका सांगणार असेल, तर १५,००० कमी असूनही घे, आणि घरच्यांना दोन वर्षांची मुदत माग. तो माणूस फक्त फलकावर असेल तर नको. करार लेखी घे, सी लायसन्सच्या कोर्ससाठी रजा मिळेल हे त्यात लिहून घे. मला एका अकादमीने हे तोंडी कबूल केलं होतं, आणि कोर्सच्या आठवड्यात स्पर्धा लावली. कोर्स बुडाला, पुढची बॅच अकरा महिन्यांनी मिळाली.

आणि आठ वर्षांची पोरं दिली तर तोंड वाकडं करू नकोस. सगळ्यांना सीनिअर संघ हवा असतो. मी पहिली चार वर्षं दहा वर्षांखालचीच पोरं घेतली, आणि पोरगा शिकतो कसा हे मला तिथेच समजलं. त्या वयाच्या पोराला तू दहा मिनिटं बोललास तर तो गवत उपटायला लागतो. मग तू बोलणं कमी करतोस आणि खेळ असा मांडतोस की खेळता खेळता त्याला ते सापडावं. सीनिअर संघालाही मी आज तेच करतो.

गुडघ्याचं म्हणशील तर फिजिओ अर्धवट सोडू नकोस. कोचला दिवसाला चार-पाच तास उभं राहावं लागतं, आणि पंचेचाळिशीत तो गुडघा परत बोलतो. माझा बोलतो.

पुण्याला जायला अजून महिना असेल तर तोवर शाहू स्टेडियमवर जा. तुझ्या पेठेचा सामना नको, बाकी कुठलाही. शंभर पानी वही घे, उंच कोपऱ्यात बस, दोन्ही संघांतला एकेकच खेळाडू निवड आणि पूर्ण सामना फक्त त्या दोघांकडे बघ. गोल झाला तरी नजर हलवायची नाही. असे दहा सामने कर. प्रत्येक पानावर खाली लिही: घेईन की नाही, का, आणि परत कधी बघेन. मग ती पानं मला पाठव, मी वाचून उत्तर देईन.